दोन फुटांचा मुलूख

घरात मत्स्यालय मांडावे असे मनात येताच बहुतेक गृहस्थ प्रथम मासे घेऊन येतात, मग त्यांच्यासाठी टाकी पाहतात, आणि पाण्याचा विचार, मासे पोट वर करून तरंगू लागल्यावर कोणी बजावलेच तर करतात. वस्तुतः हा क्रम सर्वस्वी उलटा असावयास हवा. क्रॉफर्ड मार्केटात किंवा कुर्ल्याच्या बाजारात उभे राहून जो मनुष्य अ‍ॅमेझॉनकडचा टेट्रा, आफ्रिकेतील सरोवरांचा सिक्लिड, चीनचा गोल्डफिश आणि मेक्सिकोकडची मॉली एकाच फेरीत बांधून घेतो, त्याची रंगांची हौस फिटते हे खरे. परंतु त्या चौघांना मानवेल असे पाणी या भूतलावर कोठेही नसल्यामुळे, त्यांतील निदान दोघांचे आयुष्य त्याच दिवशी आखूड झालेले असते. म्हणून टाकीत एकाच खंडाची वस्ती करावी हा जाणत्या हौशी मंडळींचा शिरस्ता मला केवळ रसिकतेचा वाटत नाही, तो न्यायाचाही वाटतो, आणि आपण आशियातच राहत असल्यामुळे तो खंड आशिया असावा, हे ओघानेच आले.

पण आशिया म्हणजे तरी एक मुलूख थोडाच आहे? मलाया, सुमात्रा आणि बोर्निओ येथील दलदलींच्या अरण्यांत, कुजलेल्या पालापाचोळ्यातून वाहणारे पाणी चहाच्या अर्कासारखे तांबूस, अत्यंत मृदू आणि स्पष्टपणे आम्ल असते. उलट ब्रह्मदेशाच्या शान पठारावर, चुनखडीच्या प्रदेशात, ते कठीण आणि अल्कधर्मी असते, आणि 2006 साली होपाँग गावाजवळच्या तळ्यांत सापडलेला, निळसर अंगावर मोत्यांसारखे ठिपके वागविणारा चिमुकला गॅलेक्सी रास्बोरा हा त्या दुसऱ्या पाण्याचा रहिवासी आहे. या दोन्ही पाण्यांतले मासे आशियाई म्हणून एका टाकीत घालणे हे नकाशापुरते ठीक. पाण्याला नकाशा कळत नाही. तेव्हा खंडातूनही एक सुभा निवडावा लागतो, आणि मी नवशिक्यास निःसंकोचपणे मलाया-सुमात्रेचा सुभा सुचवितो, कारण तेथील मासे लहान, सौम्य आणि कळपाने राहणारे असून, धरणाचे मृदू पाणी ज्यांच्या नळाला येते त्यांना ते पाणी साधण्यासाठी फारशी यातायात पडत नाही. दख्खनच्या काळ्या पाषाणातून उपसलेले बोअरचे कठीण पाणी मात्र या कामी वर्ज्य समजावे.

टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच असली की पुरे. तीत सुमारे 54 लिटर पाणी मावते, आणि काच, रेती व लाकूड धरून तिचे वजन 70 किलोच्या घरात जात असल्यामुळे, दिवाणखान्यातील नाजूक तिवईवर ती मांडण्याचा मोह आवरावा. तळाशी गुळगुळीत बारीक रेती अंथरावी; रंगीत खडे, प्लास्टिकचे किल्ले आणि बुडबुडे सोडणारे पाणबुडे यांविषयी मी काही लिहीत नाही, कारण अभिरुचीच्या बाबतीत हुकूम चालत नाहीत. पाण्यात मुरलेल्या लाकडाचे एक वाकडेतिकडे मूळ, त्याला दोऱ्याने बांधलेला जावा फर्न (त्याचा आडवा खोडकंद रेतीत पुरला की तो कुजतो), आणि रेतीत रोवलेली क्रिप्टोकोरीनची चारपाच रोपे एवढा संसार पुष्कळ झाला. ही क्रिप्टोकोरीन अळूच्या कुळातली; तिचे काही भाऊबंद आपल्या कोकणातील आणि घाटातील ओहोळांतही वाढतात. जागा बदलली की ती रुसल्याप्रमाणे सारी पाने विरघळवून टाकते, आणि नवखा मालक ती मेली असे समजून तिला उपटून फेकतो. तिला तशीच राहू दिली तर मुळांतून ती पुन्हा फुटते.

त्या अरण्यातील तांबूस पाणी मात्र कोठून आणावे? याचे उत्तर मुंबईच्या कितीएक रस्त्यांवर आणि शाळांच्या अंगणांत पडलेले असते. ज्या देशी बदामाची फळे दगडाने फोडून आपण लहानपणी खाल्ली, त्याची मोठाली पाने गळण्यापूर्वी लालभडक होतात. सयाम व मलायातील मासे पाळणारे लोक पूर्वापार हीच वाळलेली पाने पाण्यात टाकीत आले आहेत. झाडावरून आपोआप गळलेली, कोरडी, कीटकनाशक न फवारलेली दोनतीन पाने धुऊन टाकीत सोडावीत. हळूहळू त्यांतील टॅनिन उतरून पाण्यावर फिकट सोनेरी झाक चढते, पाणी किंचित आम्लतेकडे झुकते, आणि बाजारातील उजळ टाकीत फिके व भेदरलेले दिसणारे मासे त्या मंद प्रकाशात आपले खरे रंग दाखवू लागतात. पाहुणे पाणी गढूळ आहे म्हणतात, म्हणू द्यावे.

एवढी सिद्धता झाल्यावर टाकी महिना-दीड महिना माशांवाचून ठेवावी लागते, आणि येथेच सर्वांचा धीर सुटतो. माशांच्या उत्सर्गातून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया उत्पन्न होतो, व तो विषारी असतो. एका जातीचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, तेही विषारीच. आणि दुसऱ्या जातीचे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात, जे बेताच्या प्रमाणात मासे सहन करतात आणि वनस्पती खाऊन टाकतात. विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने 1890 च्या सुमारास उलगडून दाखविलेला हा व्यवहार शेतातील मातीत चालतो तसाच टाकीतील फिल्टरच्या स्पंजातही चालतो, मात्र तेथे ते जिवाणू वस्तीस येईपर्यंत मुदत द्यावी लागते. रिकाम्या टाकीत रोज चिमूटभर खाद्य टाकून, पाणी तपासण्याच्या संचाने अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आल्याची खातरजमा करावी, मगच बाजाराची वाट धरावी. नळाच्या पाण्यातील क्लोरीन या जिवाणूंचाही घात करते. यास्तव बदलावयाचे पाणी रात्रभर बादलीत उघडे ठेवावे, किंवा जुने छायाचित्रकार वापरीत तो हायपो त्यात घालावा. स्पंजही नळाखाली न धुता टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा.

आता मासे. आठदहा हार्लेक्विन रास्बोरा हा या वस्तीचा मुख्य समाज: तांबूस-गुलाबी अंग, मागच्या बाजूस काळा त्रिकोण, आणि लांबी जेमतेम दीड-दोन इंच. हे मासे विणीच्या वेळी उलटे होतात. मादी क्रिप्टोकोरीनच्या रुंद पानाच्या खालच्या बाजूस पोट घासते, नर तिला शरीराचा वेढा घालतो, आणि अंडी पानाच्या पाठीशी चिकटून राहतात, इतका त्या माशाचा आणि त्या वनस्पतीचा ऋणानुबंध जुना आहे. तळाशी पाचसहा कुली लोच असावेत. पिवळ्या-तपकिरी पट्ट्यांचा हा सापासारखा मासा दिवसा रेतीत दडून बसतो आणि दिवे मालवल्यावर कारभारास निघतो; त्याचे नाव हाइन्रिख कूल या तरुण जर्मन निसर्गशास्त्रज्ञावरून पडले, जो जावा बेटावर संशोधनास गेला आणि 1821 साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, तेथेच वारला.

वरच्या थरासाठी मी मध-गुरामीची एक जोडी ठेवतो, आणि येथे माझ्या नियमास मीच सवलत देतो, कारण ही गुरामी मलायाची नव्हे, गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातील आहे; पण ती इतकी निरुपद्रवी आणि त्या पाण्याशी इतकी जुळवून घेणारी, की तिच्या हद्दपारीचा हुकूम काढवत नाही. गुरामीस कल्ल्यांखेरीज डोक्यात हवा घेणारे एक निराळे इंद्रिय असते. पृष्ठभागावर येऊन हवा घेऊ दिली नाही तर हा मासा पाण्यात गुदमरतो. नर तोंडाने बुडबुडे सोडून त्यांचे तरंगते घरटे बांधतो आणि अंड्यांची राखण करतो. याच कुळातील चिनी पॅरडाइज मासा 1869 साली पॅरिसला पोहोचला, आणि पियेर कार्बोनिए याने त्याची तेथे पैदास केली. घरटे मोडू नये म्हणून फिल्टरचा प्रवाह मंद ठेवावा, टाकीस झाकण घालावे, आणि पुण्या-नाशिकच्या हिवाळ्यात पाणी 25 अंशांच्या आसपास राहील असा हीटर लावावा.

या मध-गुरामीची पहिली शास्त्रीय नोंद फ्रान्सिस हॅमिल्टन याच्या गंगेतील माशांवरील ग्रंथात, 1822 साली, झाली. हा ईस्ट इंडिया कंपनीचा शल्यवैद्य. बंगाल इलाख्याची पाहणी करीत असता त्याने काढवून घेतलेली बरीचशी चित्रे कंपनी सरकारने त्यास मायदेशी नेऊ दिली नाहीत. आज जगभरच्या प्रयोगशाळांत, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही, आनुवंशिकतेच्या अभ्यासासाठी वापरला जाणारा झेब्रामासा त्याच ग्रंथातला, आणि ज्याच्या पारदर्शक अंगातून काटे दिसतात तो काचमासाही त्यातलाच. या काचमाशाच्या अंगात सुईने भडक रंग टोचून तो 'रंगीत' म्हणून विकण्याची जी चाल पडली आहे, ती मला निर्लज्जपणाची वाटते. देहातून प्रकाश आरपार जाणे हेच ज्याचे रूप, त्याला रंगविणाऱ्याच्या आणि विकत घेणाऱ्याच्याही डोळ्यांविषयी शंका यावी.

आपल्या सह्याद्रीतून जगाच्या बाजारात गेलेला डेनिसन बार्ब, म्हणजे व्यापाऱ्यांची 'मिस केरळ', हे आणखी एक प्रकरण. 1865 साली फ्रान्सिस डे याने वर्णिलेल्या या माशासाठी 2013 साली 'सह्याद्रिया' अशी स्वतंत्र प्रजाती स्थापण्यात आली, व ती स्थापणाऱ्यांत पुण्याचे संशोधकही होते. पण तोवर नद्यांतून झालेल्या बेसुमार पकडीमुळे तो संकटग्रस्तांच्या यादीत जाऊन बसला होता. तो सहा इंचांपर्यंत वाढत असल्यामुळे दोन फुटी टाकीत त्याला मुळीच जागा नाही.

तेव्हा वाचकहो, दुकानदाराला मासा कोठला, आणि नदीतून पकडलेला की टाकीत पैदास केलेला, हे दोन प्रश्न अवश्य विचारा, व उत्तर मिळाले नाही तर रिकाम्या हाताने परत या. आणि पुढे केव्हा टाकी मोडावी लागलीच, तर मासे दुसऱ्या एखाद्या हौशी माणसाच्या हवाली करा. दयाबुद्धीने त्यांना विहिरीत, तळ्यात किंवा नदीत सोडू नका, कारण अशाच दयेतून सुटलेला दक्षिण अमेरिकेचा सकर मासा आज भारतातील अनेक जलाशयांत ठाण मांडून बसला आहे.