रूळ एका पहाटेत तुटत नाही

थंडी पडली की मुंबईकरांना एक बातमी हमखास वाचायला मिळते. पहाटे अमुक दोन स्थानकांदरम्यान रुळाला अचानक तडा गेला, लोकल उशिराने धावल्या. या बातमीतल्या ‘अचानक’ या शब्दाला माझा विरोध आहे. तडा दिसला त्या पहाटे. तो पडायला सुरुवात होऊन कदाचित कित्येक महिने झाले असतील.

थंडीचा वाटा आहेच. वेल्ड करून सलग जोडलेला रूळ स्लीपरना जखडलेला असतो, त्याला आकसायला जागा नसते. पारा एक अंश उतरला की मीटरमागे ६० किलो वजनाच्या रुळात पावणेदोन टनांहून अधिक ओढ तयार होते. ज्या तापमानाला रूळ पक्का केला, त्याच्या २० अंश खाली पारा गेला तर ही ओढ ३५ टनांच्या पुढे जाते. आकडा ऐकून धडकी भरते, पण निर्दोष रुळाची ताकद याच्या दहापटींहून जास्त असते. तो हूं की चूं न करता सोसतो. तुटतो तो आतून आधीच चिरलेला.

ही चीर येते कुठून? जाड तार हिसडा देऊन तुटत नाही, पण तीच इकडून तिकडे दहा-वीस वेळा वाकवली की तुटते, हे आपण सगळ्यांनी लहानपणी करून पाहिलेले असते. रुळाचे वाकणे डोळ्याला दिसतही नाही इतके थोडे, आणि वेळा मात्र लाखांच्या घरात. प्रत्येक चाकाखाली पोलादाच्या आतले सूक्ष्म थर एकमेकांवरून किंचित सरकतात आणि पुरते जागेवर परत येत नाहीत. वेल्डमध्ये हवेचा बुडबुडा राहिला असेल किंवा पोलादात परका कण अडकला असेल, तिथे हे सरकणे साचत जाते आणि चीर जन्मते. मग चिरेच्या टोकाशी ताण एकवटतो आणि येणारे चाक तिला आणखी पुढे ढकलते.

अभियंते याला ‘फटीग’ म्हणतात. मराठीत ‘धातूचा शीण’ म्हणावे. शब्द चांगला आहे, पण एका बाबतीत तो फसवतो. माणसाचा शीण रात्रीच्या झोपेने उतरतो. पोलाद वर्षभर नुसते पडून राहिले तरी त्यातली चीर मिटत नाही.

ही गोष्ट माणसाला फार महागात शिकावी लागली. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसकडे येणाऱ्या गाडीच्या इंजिनाचा आस तुटला, डबे पेटले, डब्यांची दारे कुलूपबंद होती. पन्नासहून अधिक माणसे गेली. गाडीच्या धक्क्यांनी लोखंडाचे तंतू नाहीसे होऊन त्याचे ठिसूळ स्फटिक बनतात, अशी त्या काळची समजूत होती. रँकिन या स्कॉटिश अभियंत्याने पुढच्याच वर्षी दाखवले की आस जिथे एकदम बारीक होतो, त्या कोपऱ्यापासून चीर आत सरकत जाते. नंतर प्रशियातल्या रेल्वेचा अभियंता ऑगस्ट व्होलर याने भार टांगलेले आस यंत्रावर फिरवत ठेवले आणि तुटेपर्यंतचे फेरे मोजले. एकदा सहज पेलला जाणारा भार पुन:पुन्हा दिला की आस मोडतो, हे त्याने आकड्यांनिशी सिद्ध केले.

तरीही शंभर वर्षांनी कॉमेट कोसळले. प्रवासी वाहून नेणारे जगातले पहिले जेट विमान. १० जानेवारी १९५४ रोजी रोमहून निघालेले एक कॉमेट एल्बा बेटाजवळ समुद्रात पडले, ३५ माणसे मेली. नेमके कारण न सापडताच उड्डाणे पुन्हा सुरू झाली आणि ८ एप्रिलला दुसरे गेले, त्यात २१ जण. विमान उंच गेले की केबिन फुगते, उतरले की सैल होते. म्हणजे दर उड्डाणाला तार एकदा वाकते. फार्नबरोच्या संशोधन संस्थेने अख्खे कॉमेट पाण्याच्या टाकीत बसवून केबिनमधला दाब चढवला-उतरवला. आधी १,२२१ उड्डाणे केलेली ती केबिन टाकीतल्या आणखी १,८३६ चक्रांनंतर फाटली.

बनवणाऱ्या कंपनीने चाचणी घेतली नव्हती असे नाही. त्यांचा नमुना तब्बल १६,००० चक्रे टिकला होता! मात्र त्याच नमुन्याला आधी, ताकद पाहण्यासाठी, नेहमीच्या दुप्पट दाब दिला गेला होता. त्याने खिडक्यांच्या कोपऱ्यांपाशी धातू ताणला जाऊन कायमचा किंचित लांबला, आणि दाब काढल्यावर तिथे चीर मिटून धरणारा उलटा ताण मागे राहिला. नमुना खऱ्या विमानापेक्षा चिवट झाला. मन लावून केलेल्या चाचणीनेच चुकीचा धीर दिला. हे वाचल्यापासून ‘चाचणीत पास’ एवढ्याने माझे समाधान होत नाही. काय, कसे आणि केव्हा तपासले, ते मला हवे असते.

रुळाच्या बाबतीत हे विचारता येते, कारण तुटलेला रूळ खोटे बोलत नाही. चीर सावकाश वाढली तो भाग गुळगुळीत असतो. त्यात एका ठिकाणाभोवती कमानी दिसतात, ओहोटीचे पाणी हटताना वाळूवर सोडते तशा. उरलेला भाग खरखरीत, दाणेदार. अचानक तुटतो तो तेवढाच. म्हणून रेल्वेने तड्याचे पत्रक काढताना गुळगुळीत भाग किती होता आणि त्या जागेची अल्ट्रासोनिक तपासणी शेवटची कधी झाली, हे लिहावे. एवढे कळले तरी थंडीला दोष देऊन मोकळे होता येणार नाही.

पूर्वी मोठ्या स्थानकात गाडी थांबली की एक माणूस हातोडीने चाकांवर टोले देत जाई. मडके घेताना आपण टिचकी मारून पाहतो, तेच. खणखणीत वाजले तर ठीक, बद्द वाजले तर चीर. आजचे अल्ट्रासोनिक यंत्रही रुळात आवाजच सोडते, फक्त आपल्या कानाला न ऐकू येणारा, आणि त्याचा प्रतिध्वनी टिपते. पण दोन तपासण्यांच्या मध्ये चीर वाढतच असते, आणि तिथे उरतो पायी चालणारा चावीवाला. पाना आणि हातोडा घेऊन तो आपल्या हद्दीतला रूळ पाहत जातो. हिवाळ्यात त्यात रात्रीच्या गस्तीची भर पडते. तडा दिसला की तो आधी गाडी येणाऱ्या दिशेने लाल दिवा घेऊन धावत सुटतो. आपल्या लोकलचा उशीर तिथून सुरू होतो.