दिवा कोणाचा आणि डोळा कोणाचा?

अमेरिकेच्या उपनगरांत घरांच्या बाहेरच्या भिंतींवर एक नवी वस्तू आता सर्रास दिसते. दोन प्रखर दिवे, त्यांच्या मधोमध कॅमेरा, बोलणे टिपणारा माइक आणि कर्कश भोंगा असे तिचे स्वरूप आहे. अंगणात कोणी हालले की दिवे भक्कन पेटतात, चित्रण सुरू होते आणि घरमालकाच्या फोनवर सूचना जाते; मग तो शेजारच्या खोलीत असो वा हजार मैलांवर. पूर्वी अशा जोडणीसाठी वायरमन बोलवावा लागे. आता बाहेरच्या प्लगात पिन खोचली, चार स्क्रू पिळले आणि फोनवरून वायफाय जोडले की काम संपले. सुरक्षितता जणू खोक्यात भरून दुकानात मिळू लागली आहे.

चोरीचे भय खोटे आहे असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. रात्रपाळीहून एकटी परतणारी स्त्री, मुले दूरदेशी असलेले वृद्ध जोडपे यांना दाराशी उजेड हवासा वाटला तर तो त्यांचा हक्कच आहे. वाद उजेडाशी नाहीच. वाद आहे तो उजेडाच्या आडून बसविलेल्या डोळ्याशी. तो डोळा कोणाच्या मालकीचा आहे, तो कोणावर रोखलेला आहे, आणि त्याने पाहिलेले कोणाच्या तिजोरीत जमा होते, हे तीन प्रश्न खोक्यावर छापलेले नसतात.

पहिला प्रश्न मालकीचा. या धंद्यातील सर्वांत प्रसिद्ध नाव 'रिंग'. ही कंपनी २०१८ मध्ये अ‍ॅमेझॉनने विकत घेतली. रिंगचा कॅमेरा गिऱ्हाईक रोख पैसे देऊन घेतो. परंतु कॅमेऱ्याने टिपलेली चित्रफीत मागाहून पाहण्यासाठी त्याला दरमहा वर्गणी मोजावी लागते. ती न भरल्यास चालू क्षणाचे दृश्य तेवढे दिसते, काल रात्री काय घडले ते मात्र नाही. अमेरिकेत एका कॅमेऱ्याची ही वर्गणी ३ डॉलर होती. २०२२ मध्ये ती ३.९९ झाली आणि २०२४ मध्ये ४.९९. जमीनदाराने कुळाकडून दरसाल वाढता खंड घ्यावा, तसलाच हा प्रकार. फरक इतकाच की येथे भिंत कुळाची, वीज कुळाची, यंत्राची किंमतही कुळानेच भरलेली. आणि तरीही खंड चुकत नाही!

दुसरा प्रश्न तिजोरीचा. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने मे २०२३ मध्ये रिंगवर ठपका ठेवला की कंपनीने आपल्या कर्मचाऱ्यांना आणि कंत्राटदारांना गिऱ्हाइकांच्या खासगी चित्रफिती पाहण्याची मोकळीक ठेवली होती. एका कर्मचाऱ्याने तर कित्येक महिने स्त्रियांच्या हजारो चित्रफिती पाहिल्या. प्रकरण ५८ लाख डॉलर भरून मिटविण्यात आले. त्याच्या आदल्याच वर्षी, २०२२ मध्ये, अ‍ॅमेझॉनने सेनेटर एड मार्की यांना लेखी कळविले होते की त्या वर्षात ११ वेळा घरमालकाच्या संमतीवाचून चित्रण पोलिसांना देण्यात आले. तातडीची निकड होती की नाही हे कंपनीनेच ठरविले. तोवर दोन हजारांहून अधिक पोलीस यंत्रणा रिंगच्या जाळ्याशी जोडल्या गेल्या होत्या. टीका वाढली तेव्हा जानेवारी २०२४ मध्ये पोलिसांना चित्रण मागण्याची सोय कंपनीने बंद केली. २०२५ मध्ये पोलिसांना साधने पुरविणाऱ्या अ‍ॅक्सॉन कंपनीच्या साहाय्याने ती नव्या नावाने पुन्हा उघडली. नागरिकाने चोरासाठी लावलेला पहारा अशा रीतीने नागरिकाच्याच दारातील ठाणे बनतो, आणि ठाण्याच्या किल्ल्या असतात एका खासगी कंपनीच्या खिशात.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा: हा डोळा दिवसभर पाहतो कोणाला? चोर वर्षाकाठी एखादा येईल, न येईल. रोज येतात ते पार्सल पोचविणारे, कचरा नेणारे, दूध-वर्तमानपत्र टाकणारे, घरकाम करणाऱ्या बाया. डेटा अँड सोसायटी या अमेरिकी संस्थेने २०२२ मध्ये दाखवून दिले की दारावरचे कॅमेरे पार्सल पोचविणाऱ्या कामगारांवर देखरेख करण्याचे साधन झाले आहेत. गिऱ्हाईक घरबसल्या कामगाराची चूक टिपते आणि चव्हाट्यावर मांडते. कंपनीला बिनपगारी मुकादम मिळतो. ज्या अ‍ॅमेझॉनची पार्सले कामगार वाहतो, त्याच अ‍ॅमेझॉनचा डोळा दारावर त्याची वाट पाहत असतो. श्रमिकाला संशयित ठरविणे ही वर्गसमाजाची जुनी खोड. तिला आता वीज आणि वायफाय मिळाले आहे.

आणि एवढे करून सुरक्षितता वाढते का? याचे बोधप्रद उत्तर न्यूयॉर्कमध्येच मिळाले. २०१६ मध्ये तेथील सार्वजनिक घरकुलांच्या वसाहतींपैकी चिठ्ठ्या टाकाव्यात तशा निवडलेल्या काही वसाहतींत सामाईक जागांवर प्रखर दिवे उभारण्यात आले. रात्री घराबाहेर घडणारे गंभीर गुन्हे तेथे सुमारे ३६ टक्क्यांनी घटले, असे संशोधकांना आढळले. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की तो दिवा कोणा एकाच्या भिंतीवर नव्हता. त्याच्याखालून जाणाऱ्या प्रत्येकाचा तो होता, आणि त्यासाठी कोणाकडून वर्गणी घेतली जात नव्हती. खासगी दिवा मात्र आपल्या मालकाचे अंगण तेवढे उजळतो, वाटसरूचे डोळे दिपवितो आणि कुंपणापलीकडचा अंधार अधिकच गडद करतो.

ही अमेरिकेची कथा म्हणून महाराष्ट्रातील कार्यकर्त्यांनी दुर्लक्ष करावे अशी नाही. मुंबई-पुण्याच्या बंगल्यांवर आणि गृहनिर्माण संस्थांच्या फाटकांवर कॅमेरे कधीच आले आहेत. पुष्कळांचा रोख घराकडे नसून रस्त्याकडे असतो, आणि रस्ता कोणाच्या बापाचा नसतो. युरोपीय न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये एका झेक घरमालकाच्या प्रकरणात स्पष्ट सांगितले की सार्वजनिक वाटेवर रोखलेला कॅमेरा ही निव्वळ घरगुती बाब राहत नाही. मालमत्तेच्या रक्षणाचा हेतू न्यायालयाने अमान्य केला नाही. कायद्याच्या बंधनातून सूट तेवढी नाकारली. भारतीय संसदेने २०२३ मध्ये केलेल्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही व्यक्तीच्या घरगुती प्रयोजनाला सूट आहे; परंतु रस्त्यावर रोखलेला कॅमेरा घरगुती की सार्वजनिक, हे त्यात सांगितलेले नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खासगी जीवन हा मूलभूत हक्क ठरविला, तो काय फाटकाच्या आतल्यांपुरताच?

म्हणून मागण्या स्वच्छ असल्या पाहिजेत. ज्याला कॅमेरा लावणे आहे त्याने तो खाली झुकवून आपल्या उंबरठ्यापुरता ठेवावा, वाटसरूंचे बोलणे टिपणे बंद करावे, आणि शक्य तेथे चित्रण कंपनीच्या हवाली न करता घरातल्या कार्डावर साठवावे. गृहनिर्माण संस्थांनी मोलकरणी, सफाई कामगार आणि पार्सलवाले यांना चित्रण होत असल्याचे सांगावे व ते त्यांच्याविरुद्ध हत्यार म्हणून वापरू नये. रस्त्यावर रोखलेल्या खासगी कॅमेऱ्याला कायद्याने जबाबदार धरावे.

याहून मोठी मागणी दिव्याची आहे. महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियम, १९६५ अन्वये सार्वजनिक रस्त्यांवर दिवाबत्ती करणे हे नगरपरिषदेचे आवश्यक कर्तव्य आहे. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीतही पथदिव्यांचा उल्लेख आहे. ज्या वस्तीत खांब आहे पण दिवा नाही, त्या वस्तीतील कार्यकर्त्यांनी बंद दिव्यांची मोजदाद करून नगरपरिषदेच्या दारात बसावे. बंगल्याचा दिवा बंगल्यापाशीच थांबतो. रस्त्यावरचा दिवा रात्रपाळीच्या कामगारालाही घरापर्यंत पोचवितो, आणि त्याला त्याचे नाव विचारीत नाही.