शिकण्याची मजुरी कोणी द्यायची?



गेल्या उन्हाळ्यात संघटनेच्या कामासाठी दिल्लीला गेलो होतो. बैठक आटोपल्यावर दोन रात्री गुरुग्रामला पुतण्याकडे राहिलो. (२०१६ पर्यंत हे गुडगाव होते, माझ्या तोंडात अजून तेच बसले आहे.) पुतण्या भुसावळचा. आयटीआयमधून रेफ्रिजरेशन व एअर कंडिशनिंगचा कोर्स केलेला. मोबाइलवर काम येते, हा मोटारसायकलवर हत्यारांची पिशवी टाकून मोठमोठ्या सोसायट्यांत जातो, एसी दुरुस्त करतो, पैसे कंपनीमार्फत मिळतात. कंपनीच्या लेखी तो नोकर नाही, ‘पार्टनर’ आहे. भागीदाराला नफ्यात वाटा असतो, एवढे माझ्यासारख्या मॅट्रिकवाल्यालाही कळते.

जेवताना विचारले, “एवढे काम शिकलास कुठे?” म्हणाला, “काका, गिऱ्हाइकाच्या घरी.”

आयटीआयमध्ये त्याच्या हाताखालून आर-२२ गॅसचे जुने एसी गेले. येथे पाहावे तर घरोघर इन्व्हर्टर एसी, त्यात आर-३२ गॅस, आणि आत इलेक्ट्रॉनिक कार्ड. हा गॅस पेट घेऊ शकतो, म्हणून तो भरण्याची रीतही वेगळी. रात्री मोबाइलवर व्हिडिओ पाहायचे आणि सकाळी पैसे मोजणाऱ्या माणसाच्या मशीनवर हात चालवायचा, असे त्याचे शिक्षण झाले. पहिल्याच हंगामात त्याच्या हातून एक कार्ड जळाले. कार्डाची किंमत त्याच्या कमाईतून कापली. गिऱ्हाइकाने एकच तारा दिला म्हणून पुढचे चार दिवस कामे आली नाहीत, तो तोटा वेगळा. आज तीच कार्डे तो सफाईने दुरुस्त करतो, नवी पोरे अडली की त्याला फोन करतात.

गिऱ्हाइकाच्या कामावर शिकण्याला माझा विरोध नाही. आपण सगळे तसेच शिकलो. मी १९९० साली कॅरेज अँड वॅगनमध्ये खलाशी म्हणून लागलो. तेव्हा व्हॅक्यूम ब्रेकच्या गाड्या जाऊन एअर ब्रेकच्या येत होत्या. व्हॅक्यूममध्ये मुरलेले फिटरसुद्धा डिस्ट्रिब्युटर व्हॉल्व्हपुढे गोंधळत. आम्हाला ट्रेनिंगला पाठवले तेव्हा पगार चालू होता, वर भत्ता मिळाला. पण खरे सांगतो, वर्गात फक्त नावे पाठ झाली. ब्रेक पाइपात पाच किलो दाब आहे, तरी शेवटच्या वॅगनचा ब्रेक का सुटत नाही, हे कळले ते यार्डात, गाडी सुटायची वेळ झालेली आणि ड्रायव्हर शिट्टी मारतो आहे अशा वेळी. ती निकड वर्गात येत नाही. माल कोणाचा तरी आहे, त्याने भाडे भरले आहे, हे डोक्यात असले की हात शिकतो.

फरक पुढे आहे. मी होजपाइप जोडत असताना शेजारी उस्ताद उभा असे. ब्रेक पॉवर सर्टिफिकेटवर सही टीएक्सआरची, माझी नव्हे. मी चुकलो तर शिव्या खाल्ल्या, पण पगारातून व्हॉल्व्हची किंमत कापली नाही. शिकणाऱ्याची चूक पोटात घालायला वर दोन माणसे होती, आणि त्यांच्यावर खाते होते. पुतण्याच्या वर कोणी नाही. तोच खलाशी, तोच उस्ताद, आणि भुर्दंड भरणाराही तोच.

त्याच्या कंपनीचे नाव येथे देत नाही. पण गुरुग्रामचे एक उदाहरण जाहीर आहे. घरोघरी जाऊन ब्युटी पार्लरची कामे करणाऱ्या बायका ऑक्टोबर २०२१ मध्ये तेथील अर्बन कंपनीच्या कार्यालयासमोर बसल्या. कमिशन, रेटिंग, सामानाचा खर्च ही त्यांची गाऱ्हाणी होती. कंपनीने काही अटी बदलल्या. डिसेंबरमध्ये त्या पुन्हा बसल्या, तेव्हा कंपनी त्यांच्याविरुद्ध कोर्टात गेली. ना युनियन ऑफिस, ना चेक-ऑफ, तरी बसल्या. आपण मान्यताप्राप्त संघटनावाल्यांनी हे ध्यानात घ्यावे.

सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. अशा कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम या कामगारांच्या निधीत भरावी, असे त्यात आहे. अपघात, आजारपण, म्हातारपण यांचा विचार आहे. शिकण्याच्या दिवसांच्या मजुरीचा नाही.

आणि आपल्या घरात काय चालले आहे? २० मार्च २०१८ रोजी माटुंगा-दादरच्या दरम्यान पोरे रुळावर बसली. रेल्वेतच अॅप्रेंटिस म्हणून शिकलेली, आणि शिकून झाल्यावर भरतीत वीस टक्क्यांच्या कोट्यात अडकलेली. लोकल अडवायला नको होती असे आपल्यातले पुष्कळजण म्हणाले. मीही म्हणालो होतो. आता वाटते, त्यांच्याशी आधी बोलायला आपल्यापैकी कोणी गेले होते का?

टपाल खात्यात तर हे रोजचेच. १ सप्टेंबर २०१८ ला पोस्ट पेमेंट्स बँक सुरू झाली आणि पोस्टमन, ग्रामीण डाक सेवक गिऱ्हाइकाच्या दारात उभे राहून बँकेचे काम शिकले. म्हातारीचा अंगठा मशीनवर उमटत नाही, नेटवर्क जाते, मागे रांग खोळंबते. अशा वेळी हिशेबात खोट आली तर वसुली कोणाकडून होते, हे टपालातील वाचकांना मी सांगायला नको.

आमच्या शाखेच्या पुढच्या सभेत मी ठराव मांडणार आहे. नवे यंत्र किंवा नवी पद्धत आली की पहिले तीन महिने शिकाऊ समजावेत, त्या काळातील प्रामाणिक चुकीची वसुली बंद असावी, शिकण्याचा वेळ ड्यूटी धरावा. कंत्राटी कामगारालाही हे लागू असावे आणि तो जे शिकला त्याचा दाखला त्याच्या हाती पडावा. तीन महिने कमी वाटतात की जास्त, यावर आमच्यातच मतभेद आहेत. ज्यांच्याकडून अशी वसुली झाली आहे त्यांनी तारीख, रक्कम आणि तेव्हा ट्रेनिंग किती दिवस मिळाले होते, हे आपापल्या शाखा सचिवांकडे लेखी द्यावे. आकडे हातात असल्याशिवाय प्रशासनापुढे बसून उपयोग नसतो.