याला स्कोप काय?

ऑगस्ट आला की पुण्यातल्या कॉलेजांमध्ये 'पुरुषोत्तम'चा फीव्हर चढतो. लेक्चर बंक, रात्री उशिरापर्यंत तालमी आणि घरी गेल्यावर एकच डायलॉग, "नाटकं पुरे झाली, याला स्कोप काय?" ही एकांकिका स्पर्धा १९६३ पासून चालू आहे. म्हणजे हा डायलॉग आपल्या आधीच्या पिढ्यांनीही ऐकला असणार!

आपलं उत्तरही ठरलेलं. कॉन्फिडन्स वाढतो, टीमवर्क शिकतो, सीव्हीवर छान दिसतं. खोटं नाहीये ते. पण एवढंच सांगून थांबलो, तर कलेची किंमत आपणच कमी करतो असं मला वाटतं.

माझंच सांगतो. सेकंड इयरला मला वॉचमनचा रोल मिळाला. जेमतेम चार वाक्यं. मी काठी आपटत, डुलक्या काढत विनोदी वॉचमन करायला लागलो. सगळे हसले, डायरेक्टर सोडून. तो म्हणाला, "आपल्या गेटवरच्या काकांजवळ जाऊन बस जरा."

गेलो. वर्षभर रोज त्यांच्यासमोरून जात होतो, पण त्यांचं नावही मला माहीत नव्हतं. बारा तासांची ड्युटी. खुर्ची होती, पण प्रत्येक गाडीला उठावं लागतं आणि गुडघे दुखतात, म्हणून ते बसतच नसत. दुसऱ्या दिवशी तालमीत मी फक्त गुडघ्यावर हात टेकून उठलो. कोणी हसलं नाही.

आम्ही प्राथमिक फेरीतच बाहेर पडलो. पण त्यानंतर मोबाइलमध्ये डोकं घालून त्या गेटमधून जाणं मला कधी जमलं नाही.

२०१२ मध्ये पुण्यात हेच फार मोठ्या पातळीवर घडलं. गो. पु. देशपांडे यांचं महात्मा फुल्यांवरचं 'सत्यशोधक' हे नाटक अतुल पेठे यांनी महापालिकेच्या सफाई कामगारांना घेऊन बसवलं. सकाळी रस्त्यावर दिसूनही ज्यांच्याकडे आपण बघत नाही, ती माणसं रंगमंचावर उभी होती आणि शहर त्यांच्याकडे बघत होतं.

नाटकाने लगेच समाज बदलतो का? नाही. आमच्या एकांकिकेनंतर काकांची ड्युटी बाराची आठ तास झाली नाही. पण ती बारा तासांची का, हा प्रश्न मला आधी कधी पडलाच नव्हता. समोरचा माणूस नीट दिसल्याशिवाय असे प्रश्न पडत नाहीत. कला आधी तो माणूस दाखवते.

म्हणून 'सहानंतर हॉल मिळणार नाही' म्हणणाऱ्या कॉलेजांना आणि 'स्कोप काय' विचारणाऱ्या आई-बाबांना एकच विनंती, यंदा एखादी तालीम येऊन बघा. आणि दोस्तांनो, ग्रुपमधलं कोणी तालमीला निघालं असेल, तर चिडवत बसू नका, सोबत जा. अभिनय येत नसला तरी चालेल. बॅकस्टेजला लेव्हल्स उचलायला माणसं नेहमीच कमी असतात.