माफीची घाई कोणाला?

दंगलीचा विषय निघाला की आपल्यातला कोणीतरी हमखास म्हणतो, "जाऊ द्या, माफ करा. माफ करणं हीच आपल्या दीनची शिकवण." असं म्हणणाऱ्याच्या घरातलं कोणी गेलेलं नसतं, हे मी पुरतं पाहिलं आहे.

माझ्या एका खालाचा मुलगा जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत दूध आणायला गेला, तो परतलाच नाही. मय्यत मिळाली नाही, म्हणून जनाज़ाही नाही. त्या दंगलीत ९०० मेले, १६८ बेपत्ता झाले. त्यातल्या १०८ जणांचे वारस शोधून भरपाई द्या, असं सर्वोच्च न्यायालयाला नोव्हेंबर २०२२ मध्ये सरकारला सांगावं लागलं. तीस वर्षं! अशा बाईला आपण माफ करायला सांगतो. कोणाला? मारणाऱ्याचं नाव तिला ठाऊक नाही. माफी मागायला तिच्या दारात कोणी आलेलं नाही.

यूसुफ अलैहिस्सलाम यांचा दाखला देणाऱ्यांनी किस्सा नीट वाचावा. भावांनी आधी कसूर कबूल केला, मग माफी मिळाली. तीही मिसरचे खजिने हाती असलेल्या माणसाकडून. आणि वालिद याकूब? रडून रडून त्यांचे डोळे गेले, तरी त्यांचा सब्र कुरआनात सुंदर सब्र म्हणूनच आला. हज़रत हमज़ांना मारणारा वहशी ईमान घेऊन आला, तेव्हा पैगंबरांनी (स.) त्याला कबूल केलं; पण शक्य असेल तर माझ्यासमोर येऊ नकोस, असंही सांगितलं. माफीनंतरही जखम दुखते हे जाणणाऱ्या नबींची उम्मत आपण, आणि एका आईच्या अश्रूंचा हिशोब मागतो!

खरं तर खालाच्या मनात मारेकरी नाहीच. "मीच त्याला पाठवलं," हे एकच वाक्य आहे. धाकटी भुकेने रडत होती, आईने थोरल्याला पाठवलं, यात गुन्हा कसला? पण "तुझा यात कसूर नाही, स्वतःला माफ कर," असं तिला सांगणारा एकही बुज़ुर्ग मला भेटला नाही. "अल्लाहची मर्ज़ी" म्हणून तिचं तोंड बंद केलं. झोप येईना तेव्हा तावीज़ आणले. मनाच्या डॉक्टरकडे नेलं नाही, लोक वेडी म्हणतील म्हणून. यात मीही आलो.

दुधाची पिशवी फोडताना अजून तिचा हात थांबतो. तिला माफीवर वाज़ ऐकवायचा असेल, त्याने आधी समोर बसून तिचं पूर्ण ऐकावं. तिला दोन तास लागतात.