दुसरा दांडा

घनसावंगी, मंठ्याकडची काळी माती पावसात चाकांना अशी चिकटते की साधी जीप जागीच घुमते. वस्तीवरून अडलेली बाई दवाखान्यात न्यायची तर चारही चाकं ओढणारी गाडी हवी. फोर बाय फोर थारमध्ये गिअरशेजारी दुसरा दांडा असतो. तो टाकला की पुढची चाकंही ओढतात. डांबरी लागली की मात्र काढायचाच! वळणावर पुढची चाकं जास्त अंतर कापतात. कोरड्यात घसरायला वाव नाही, सगळा ताण यंत्रावर. फुलटाइम गाडीत हा फरक मधलं डिफरन्शियल सांभाळतं, पण ती महाग, अन् आपला चिखल चारच महिने. मला तर पार्टटाइमच बरी वाटते. मैत्रिणींनो, गाडी चालवता ना? मग हा दांडाही शिकून घ्या. रात्री दोनला ड्रायव्हर मिळत नाही.