पशुसखीची फी

आमच्या बचत गटातली एक जण पशुसखीचं प्रशिक्षण घेऊन आली. पावसाळा तोंडावर होता. बैठक संपल्यावर मी तिला सहज म्हटलं, ‘‘अगं, जाता जाता मागच्या गल्लीतल्या काकूंच्या शेळ्यांना जंताचं औषध पाजून जा ना!’’

ती गेली. पाच शेळ्या, तीन करडं. एकेकीला धरून, वजनाचा अंदाज घेऊन, ठसका लागणार नाही अशा बेताने औषध पाजलं. काकूंनी चहा दिला, ‘‘गुणाची गं बाई’’ म्हणून कौतुक केलं आणि बोळवण केली. औषधाची बाटली मात्र तिने पदरच्या पैशांनी आणली होती. दुसऱ्या दिवशी ती मला म्हणाली, ‘‘ताई, माझ्याजागी कुणी पुरुष आला असता, तर त्याला नुसत्या चहावर पाठवलं असतं का?’’

मला उत्तर देता आलं नाही. कारण चूक काकूंच्या आधी माझी होती.

मैत्रिणींनो, गोठ्यातलं शेणघाण, चारापाणी बहुतेक घरांत बाईच करते. कोणती शेळी सकाळपासून रवंथ करत नाही, हे आधी तिच्याच ध्यानात येतं. पण औषधाची बाटली आली की ते काम पुरुषाचं! पशुसखीने नेमकं हेच बदललं. आपल्याकडे ‘उमेद’ अभियानातून बचत गटांतल्या बायकांना हे प्रशिक्षण मिळतं. २०२२ साली केंद्र सरकारने ‘ए-हेल्प’ नावाने त्यांच्यासाठी पुढचं प्रशिक्षणही सुरू केलं.

यात शिकवतात ते रोजच्या उपयोगाचं. जंतनाशक कधी द्यायचं, आंत्रविषार आणि पीपीआरची लस का चुकवायची नाही, जखम कशी धुवायची, गाभण शेळीला काय खायला घालायचं. गाभडलेल्या शेळीचा वार उघड्या हाताने उचलू नये, हेही तिनेच आम्हाला सांगितलं. ब्रुसेलोसिससारखा आजार त्यातून माणसालाही होतो.

पशुसखी म्हणजे डॉक्टर नव्हे, हे तीही जाणते. आजाराचं निदान, शस्त्रक्रिया ही कामं पशुवैद्यकाचीच. पण डॉक्टरांना कधी बोलवायचं हे वेळेत कळणं, यातच अर्धं जनावर वाचतं.

मग एवढं शिकून आलेल्या बाईला पैसे देताना आपला हात का आखडतो? ‘घरचीच तर आहे’ म्हणून! शिवण शिवणारी, शिकवणी घेणारी, साऱ्यांचा हाच अनुभव. बाईच्या कामाला किंमत नाही म्हणून आपण भाषणं करतो आणि शेजारणीचे दहा रुपये बुडवतो.

पुढच्या बैठकीत आम्ही ठरवलं, औषधाचे पैसे वेगळे आणि शेळीमागे दहा रुपये तिचे. दर कागदावर लिहून भिंतीला लावले. काकू थोड्या कुरकुरल्या, ‘‘आता घरातल्या घरात पण दुकानदारी का?’’ पण पैसे दिले. करडू विकायला काढलं की हजारांत बोलतो आपण. मग ते जगवणारीला दहा रुपये जड का व्हावेत?

ज्यांना हे काम शिकावंसं वाटतं, त्यांनी आपल्या ग्रामसंघात किंवा पंचायत समितीतल्या ‘उमेद’च्या कक्षात जरूर चौकशी करावी. आणि आपण बाकीच्यांनी? ती दारात आली की चहा जरूर द्यावा. फी दिल्यानंतर.